आजीचं लुगडं, बाळाचं दुपटं, कबड्डीच्या जर्स्या: तीन गोधड्या एकदम अडल्या तर

तुम्ही विचारलंय शिलाईबद्दल, पण तुमची तिन्ही कामं अडली आहेत ती कापडामुळे.

प्रश्न थोडक्यात परत मांडते. घरात तीन आनंदाच्या गोष्टी आहेत. बहिणीच्या बाळाचं बारसं तीन आठवड्यांवर आलंय, आजीचं सहस्रचंद्रदर्शन दोन महिन्यांनी आहे, आणि मुलीची राज्याच्या कबड्डी संघात निवड झाली म्हणून तिच्या लहानपणापासूनच्या सहा जर्स्यांची गोधडी करायचीय. दुपट्याच्या मधोमध फुगा आलाय. आजीच्या इरकलीचा रेशमी पदर सुई घातली की चिरतोय. जर्सी मशीनखाली ताणून वेडीवाकडी होतेय. आधी कुठलं हातात घ्यावं, हातानं शिवावं की मशीनवर, आणि गोट, म्हणजे कडेची पट्टी, शिंप्याकडून लावून घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आठवणीची गोधडी करताना बहुतेकांचं चुकतं ते असं, की ज्या कापडाची आठवण मोठी ते कापड सगळ्यात दर्शनी, मधोमध किंवा कडेला लावलं जातं. नेमकं तेच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त वापरलेलं आणि म्हणून सगळ्यात विरलेलं असतं. कोणतं कापड घ्यायचं ते आठवणीला ठरवू द्या. ते गोधडीत कुठे बसवायचं ते मात्र त्याच्या ताकदीवर ठरवा. तुमच्या तिन्ही अडचणींची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. आजी ती गोधडी रोज अंगावर घेणार, की कार्यक्रमात खांद्यावर घालून मग कपाटात ठेवणार? धुणं हाताने होणार की वॉशिंग मशीनमध्ये? जर्स्यांची गोधडी मुलगी वसतिगृहावर नेणार, की भिंतीवर लावणार? वापर रोजचा असेल तर रेशीम आणि नेट विसरा. ठेवणीतली असेल तर बरंच काही चालतं. मी खाली लिहिताना असं धरलंय की दुपटं रोज वापरात आणि रोज धुतलं जाईल, आजीची गोधडी थंडीत वापरली जाईल आणि वर्षातून एकदोनदाच धुतली जाईल, आणि जर्स्यांची गोधडी दांडगाईने वापरली जाईल.

कापडाची परीक्षा

कात्री लावायच्या आधी प्रत्येक साडी खिडकीसमोर धरून पूर्ण लांबीभर बघा. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेलं आहे. मग दोन्ही अंगठ्यांत इंचभर अंतर ठेवून कापड धरा आणि हलका झटका द्या, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेने, एकदा आडव्या. काही झालं नाही तर कापड धडकं. धागे सरकले पण फाटलं नाही तर मध्यम. चर्र आवाज आला तर ते कापड वरच्या थराला किंवा तळाला चालणार नाही.

नऊवारीत कासोट्याचा भाग आणि बसताना ज्यावर भार येतो तो भाग आधी जातो. खोचलेला आतला भाग आणि पदराच्या अलीकडचा हातभर पट्टा पुष्कळदा नव्यासारखा असतो. सहावारीत खालचा काठ जमिनीला घासून जातो, फॉल लावलेला असेल तर वाचतो. त्यामुळे अख्खी साडी चांगली किंवा वाईट असं म्हणू नका, खडूने खुणा करून भाग पाडा.

धुणं कापण्याआधी, नंतर नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, कोरं मांजरपाट त्याहून जास्त. जुन्या साडीच्या थरांत एकच कोरं कापड घातलं आणि शिवून झाल्यावर धुतलं, की ते एकटं आटतं आणि बाकीचे थर चुरगळतात. साडीला खळ असेल तर ती कोमट पाण्यात पूर्ण काढा, नाहीतर सुई अडकते. रंग जातो का ते बघायला पांढरी ओली चिंधी कापडावर दाबून घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड बाळाच्या दुपट्यात नको आणि पांढऱ्या कापडाशेजारीही नको. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो यावर भरवसा ठेवू नका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत चारपाच वेळा धुणं हाच खरा उपाय, आणि तरी रंग जातच राहिला तर ते कापड सोडून द्यायचं.

दुपटं आणि मधला फुगा

बारसं जवळ आहे म्हणून हे आधी. ३६ बाय ३६ इंचांचं, चार थरांचं दुपटं पुरेसं होतं. नऊवारीतून ३८-३८ इंचांचे चार तुकडे काढले की निम्म्याहून कमी लुगडं लागतं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर बाळासाठी उत्तम, कारण त्यातली खळ आणि सुटा रंग कधीच निघून गेलेला असतो. जर, टिकल्या, बटणं, मणी, लेस यातलं काहीही नको. काठात जर असेल तर काठ कापून बाजूला काढा; जरीच्या तारा वर आल्या की बाळाच्या गालाला ओरखडे पडतात.

तुम्ही चारही कडांकडून चौकोनात आत आत येत गेलात आणि मध्ये कापड साचलं. हे का होतं ते समजून घ्या. धावदोऱ्याची प्रत्येक ओळ वरचा थर केसभर पुढे ढकलते. कडेपासून आत आलात की चारही बाजूंनी ढकललेलं कापड मध्ये जमतं आणि त्याला जायला वाट राहत नाही. आपल्याकडच्या कित्येक गोधड्या कडेपासूनच शिवल्या जातात आणि तरी सपाट बसतात, कारण आधी त्या जमिनीवर ताठ पसरून कच्च्या दोऱ्याने, म्हणजे नंतर काढून टाकायच्या मोठ्या टाक्यांनी, पक्क्या बांधलेल्या असतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांतल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, कोपऱ्यापासून सुरू करतात आणि कडेकडेने आत येतात. त्या वरचे तुकडे मात्र आधी जोडून घेत नाहीत, शिवता शिवता एकेक ठेवत जातात. जास्तीचं कापड पुढच्या तुकड्याखाली दुमडून जातं, म्हणून फुगा येतच नाही. तुम्ही वरचा थर एकसंध ठेवलात आणि कच्चा दोरा फक्त कडेने घातलात, तिथे गडबड झाली.

आता दुरुस्ती. सगळं उसवू नका. फुगा चिमटीत धरून बघा, फक्त वरचा थर सैल आहे की मधलेही. पालथं करून तळाला चुणी आहे का तेही बघा. बहुतेक वेळा वरचाच थर सैल असतो. मधोमधच्या सहासात ओळी उसवा: मागच्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापा आणि पुढून दोरा ओढा, म्हणजे जुनं कापड फाटत नाही. मग दुपटं फरशीवर पसरा, पाण्याचा हलका फवारा मारा, तळव्याने मधून बाहेर सारखं करा आणि वाळू द्या. जास्तीचं कापड अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर ओलं करून इस्त्रीने दाबल्यावर ते बसतं. जास्त असेल तर मारूनमुटकून बसवायला जाऊ नका. सरळ एक चुणी घालून ती दाबा आणि वर सहा इंचांचा चौकोनी तुकडा लावा. त्यावर बाळाचं नाव घाला. बघणाऱ्याला ते मुद्दाम केलंय असंच वाटेल, आणि नावाला जागाही मिळेल.

पुढच्या वेळी कच्चा दोरा दर चार इंचांवर, उभा आणि आडवा, पूर्ण जाळं घालायचं. तळाचा थर फरशीवर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने लावून घ्या, ताठ पण ताणलेला नको. एकेक थर टाकताना मधून कडेकडे हात फिरवा. हे जाळं घालायला तास-दीड तास जातो आणि तो वाचवावासा वाटतो. वाचवू नका.

दुपट्याला ओळींमध्ये पाऊण इंच अंतर, इंचाला तीनचार टाके. ४८ ओळी होतात. एका ओळीला सरावाच्या हाताला आठ-दहा मिनिटं धरली तर साताठ तासांचं काम आहे. एकेरी सुती दोरा, सुमारे ५५ मीटर. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला नको. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड तुटतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

ओळ संपली की गाठ मारायच्या आधी तिची दोन टोकं दोन हातांत धरून कापड हलकं ताणा. दोरा आत सरकताना दिसतो, कधी पाव इंच, कधी अर्धा. तेवढा दोरा सोडा आणि मग गाठ मारा. हे एवढं केलं नाही म्हणून कित्येक गोधड्या आखडून पापडासारख्या होतात, आणि दोष मात्र कापडाला दिला जातो. गाठ थरांच्या आत ओढून घ्या, बाळाच्या बोटांना लागता कामा नये.

काम संपल्यावर टाचण्या आणि सुया मोजा, आणि दुपट्यावरून सगळीकडे लोहचुंबक फिरवा. आणि एक सांगणं: बाळ एकटं झोपलेलं असताना अंगावर सैल पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षासाठी सांगतात. दुपटं जमिनीवर पसरायला, मांडीवर घ्यायला, उन्हात तेल लावताना खाली घालायला द्या. बहिणीलाही हे सांगून ठेवा.

आजीची गोधडी

माप ६० बाय ९० इंच, पाच थर. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर, म्हणजे साधारण ३२४ इंच, पन्हा ४५ इंच धरू. त्यातून ९४ इंचांचे तीन तुकडे काढा. दोन तुकडे अख्खे ठेवा, तिसरा उभा निम्मा कापा. प्रत्येक थर म्हणजे एक अख्खा आणि एक अर्धा पन्हा, जोडल्यावर ६६ इंच रुंद. एका नऊवारीत असे दोन थर निघतात, वर ४० इंच कापड गोटासाठी उरतं. सहावारीत एक थर. म्हणजे दोन लुगडी आणि एक साडी, झाले पाच थर. वजन दोन किलोच्या आतबाहेर जाईल, आजींना पेलेल. सहावा, सातवा थर घालायचा मोह होतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ती कूस बदलताना जड जाते.

जोड एकावर एक येऊ देऊ नका. पहिल्या थराचा जोड डावीकडून ४५ इंचांवर असेल तर दुसरा थर उलटा फिरवा, त्याचा जोड उजवीकडून ४५ वर येईल. नाहीतर पाच थरांचे जोड एका रेषेत येऊन दोरखंड तयार होतो आणि तिथे सुई मोडते.

थरांचा क्रम असा: तळाला सगळ्यात धडकं कापड, कारण अंथरुणाशी तेच घासतं. मध्ये विरलेली. वर मध्यम, पण गोधडीच्या मधल्या भागात. डोक्याकडची कड तेलाने आणि हातांनी आधी खराब होते, पायाकडची ओढाताणीने. म्हणून आजींच्या लाडक्या लुगड्याचे तुकडे कडेपासून किमान १० इंच आत ठेवा. डोक्याकडे १० इंच रुंदीची वेगळी सुती पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून मोठ्या टाक्यांनी लावा. ती मळली की काढून धुता येते आणि अख्खी गोधडी भिजवावी लागत नाही.

आता इरकलीचा पदर. अंग सुती आणि काठ-पदर रेशमी असं लुगडं असेल, आणि तुमच्या वर्णनावरून ते तसंच वाटतंय, तर त्यात दोन वेगवेगळी कापडं आहेत असं समजूनच वागा. इरकलीच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याहून वेगळा असतो आणि दोन्ही एकमेकांत कोंडीने, म्हणजे फासात फास घालून, अडकवलेले असतात. जुन्या लुगड्यात ही जोडाची रेषा सगळ्यात आधी सुटते. त्या रेषेवर कापू नका आणि त्यावरून धावदोराही नेऊ नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना तीनतीन इंच सोडून कापा, किंवा जोडासकट तुकडा घेऊन खाली आधार द्या.

आधार दोन प्रकारचा. झटका दिल्यावर पदर टिकत असेल तर मागे मऊ, हलकं पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात कॉलरचं कडक पेस्टिंग गळ्यात मारतील, ते नको. ब्लाऊजच्या पातळ कापडाला लावतात ते मागा. इस्त्री रेशमाच्या खुणेवर, मध्ये सुती फडकं, दहा सेकंद दाबून उचलायची, घासत न्यायची नाही. आधी एका कोपऱ्यावर करून बघा. घडीवर चिरा पडलेल्या असतील तर खाली मलमल ठेवा, वर त्याच रंगाची बारीक, मऊ नेट टाका, आणि दोन्हींच्या मध्ये पदर धरून बारीक सुईने कडेने टाका. नंतर गोधडीच्या ओळी त्या भागात दर दोन इंचांवर एक इतक्याच न्या, आणि टाके नेटला आणि मलमलीला धरतील असे घ्या. गोधडीची जाड सुई या भागात वापरू नका. भोकांची रांग म्हणजे तिकिटाची फाडायची रेघ होते.

आणि हात लावताच चिरत असेल तर तो पदर शिवूच नका. गोधडीच्या मागच्या बाजूला आठ बाय दहा इंचांचा खिसा लावा, मलमलीत गुंडाळलेला पदराचा तुकडा त्यात ठेवा, तोंडाला दोन बंद. धुताना काढून ठेवता येतो. आजींना बाहेर काढून हातात घेता येतो, ते वेगळंच.

ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तर ९० इंचांच्या ६० ओळी. सरावाच्या हाताला एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे वीस ते पंचवीस तास. रोज दीड तास धरला तर अडीच आठवडे. नवशिक्या हाताला दुप्पट धरा, म्हणजे दोन महिन्यांत होतं, पण पुढच्या रविवारी सुरुवात झाली तरच. दोरा दुहेरी, सगळा मिळून ३३० मीटरच्या आसपास. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा घेऊ नका, गुंता होतो आणि शेवटच्या टाक्यांपर्यंत तो झिजतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची, पण दाभण नको. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. पाच थरांतून एका वेळी चार टाके सुईवर घेऊन ओढायचे तर उघडं बोट दुसऱ्या दिवशी काम करत नाही.

नावं आणि सह्या

सहस्रचंद्रदर्शनाला आलेल्या सगळ्यांच्या सह्या गोधडीवर हव्यात, ही तुमची कल्पना छान आहे. अडचण एकच: सह्या कार्यक्रमात होणार आणि गोधडी त्याच दिवशी द्यायची. म्हणून पाठीवर, पायाकडच्या कडेपासून फूटभर आत एक पट्टा मोकळा धरून ठेवा आणि सह्यांचे तुकडे नंतर हेमिंगने लावा. गोधडी त्या दिवशी पूर्ण दिसते, सह्या आठवड्याने चढतात.

तुकडे धुतलेल्या पांढऱ्या पॉपलीनचे, पाच बाय सात इंच. मलमलीवर शाई फुटते. प्रत्येकावर कडेपासून अर्धा इंच आत पेन्सिलीने चौकट आखा, नाहीतर मामा-काका अगदी कडेपर्यंत आशीर्वाद लिहितात आणि निम्मा शिलाईत जातो. लिहिताना कापडाखाली बारीक सॅंडपेपर ठेवा. कापड सरकत नाही आणि म्हाताऱ्या हातालाही नीट लिहिता येतं. कापडावर लिहायचा पक्क्या शाईचा पेन घ्या, एक दिवस वाळू द्या, मागून गरम इस्त्री फिरवा. दुबईतल्या, न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडून कागदावर सही करून फोटो मागवा, खऱ्या मापात छापून घ्या आणि पिवळ्या कार्बनने कापडावर उतरवा.

आजींची स्वतःची सही भरतकामात घ्यायची असेल तर दोन पदरी दोऱ्याने, उलट्या टीपेने. साखळी टाका बारीक अक्षरात बुजतो. देवनागरी अक्षर इंचापेक्षा लहान घेऊ नका. श्र, क्ष, द्ध यांची पोटं भरून जातात. शिरोरेघ आधी फक्त खडूने आखायची आणि सगळ्यात शेवटी एका सलग ओळीत भरायची. काने, वेलांट्या यांची वरची टोकं तिच्याखाली झाकली जातात. हे सगळं भरतकाम तुकडा गोधडीला लावण्याआधी करायचं. पाच थरांवर बारीक भरत होत नाही.

एका कोपऱ्यात कुणी, कुणासाठी, कधी आणि कोणाच्या साड्यांतून केली ते लिहा. तीस वर्षांनी "ही निळी कोणाची?" हा प्रश्न हमखास येतो.

जर्स्या

इथे हाताने शिवायचा हट्ट सोडा. जर्सी पॉलिस्टरची, विणीची, जाळीदार; ती ताणते, आणि ताण घालवायला मागे पेस्टिंग लावलं की हाताने सुई जात नाही. मशीनच बरं.

बाह्या आणि बाजू कापून पुढचा आणि मागचा भाग वेगळा करा. सहा जर्स्यांचे बारा भाग. नंबर किंवा नाव मधोमध धरून १५ इंचांचा चौकोन ढोबळ कापा, मागून हलकं पेस्टिंग लावा, आणि त्यानंतरच साडेबारा इंचांना नेमका कापा. आधी नेमकं कापून मग पेस्टिंग लावलं तर चौकोन पतंगासारखा तिरका होतो. तुमचं बहुधा हेच झालंय, किंवा पेस्टिंगच नव्हतं. इस्त्री कमी तापमानावर, आणि नंबरच्या छपाईला पुढून कधीच लावू नका, ती वितळून इस्त्रीला चिकटते. खाली बटर पेपर घाला. बाहीच्या तुकड्यावर आधी करून बघा. लहानपणच्या जर्स्या साडेबारा इंच भरणार नाहीत, त्यांना दोन्ही बाजूंनी सुती पट्ट्या जोडून माप पूर्ण करा.

मशीनला बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई, १४ नंबर. टाक्याची लांबी तीन मिलिमीटर. साधी सुई विणीचे फास कापते आणि टाके सुटे पडतात. सुती बाजू वर आणि जर्सी खाली ठेवून शिवा, मशीनचे दाते खालून ओढतात त्यामुळे ताणणारं कापड आपोआप सामावतं. हाताने मागून ओढू नका.

चौकोन तीन बाय चार मांडा. मधे आणि कडेने दोन इंचांच्या पट्ट्या, म्हणजे तयार माप ४४ बाय ५८ इंच. मध्ये एकच थर: जुनी पातळ चादर. कापसाचं किंवा फायबरचं भरण नको, कारण बारा इंचांचा चौकोन मध्ये टीप न घालता सोडायचाय आणि तेवढ्या मोकळ्या जागेत भरण सरकून गोळा होतं. विणलेली चादर सरकत नाही. टीप फक्त पट्ट्यांच्या सांध्यालगत घाला. नंबरावरून सुई नेली तर त्या छपाईतली भोकं बुजत नाहीत.

फाटलेली जर्सी आणि मातीचा न जाणारा डाग, हे काढू का, असं तुम्ही विचारलंय. ठेवा. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडमध्ये मिसूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली. कापड कुठे विटलंय, कुठे ठिगळ आहे, सगळं त्यात दिसतं, आणि आज ते काम संग्रहालयात आहे. फाटलेल्या जागी मागून पेस्टिंग पुरेसं आहे. पदकं मात्र शिवू नका, धातू धुण्यात कापड फाडतो. पदकाची फीत हवी तर पट्टीत अडकवा.

क्रम, गोट आणि धुणं

या आठवड्यात सगळी कापडं एकदम धुऊन, परीक्षा करून, तीन गठ्ठे करा. दुपट्याचा फुगा काढून ते पहिलं संपवा. ते चालू असतानाच आजींच्या गोधडीचा कच्चा दोरा घालून टाका, म्हणजे बारसं झालं की थेट धावदोरा. जर्स्यांना तारीख नाही, त्या शेवटी. पण पेस्टिंग लावून चौकोन कापून ठेवा, ते काम दोन दुपारींत होतं.

गोट शिंप्याकडून लावून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त पट्ट्या तुम्ही कापून द्या. दुपट्याला अडीच इंच रुंद, जोड धरून १५५ इंच लांब. आजींच्या गोधडीला तीन इंच रुंद, ३१५ इंच. ४५ इंच पन्ह्यातून आठ पट्ट्या काढा. कडा सरळ आहेत त्यामुळे उरेब, म्हणजे तिरकी, कापायची गरज नाही, उरेब पट्टी ताणते आणि कड लाटांसारखी होते. गोलाकार कोपरे हवेत तरच उरेब. शिंप्याकडे देण्याआधी कडेपासून पाव इंचावर स्वतः एक धावदोरा घालून सगळे थर बांधा, आणि त्याला सांगा की मशीनचा दाब सैल करून शिव. नेहमीच्या दाबाला पाच थर पुढे सरकतात आणि शेवटच्या कोपऱ्यात बोटभर कापड उरतं.

पहिलं धुणं टबात, थंड पाण्यात. रेशमी भाग असलेल्या गोधडीला रिठ्याचं पाणी. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने टाके ताणतात. खाटेवर किंवा चादर पसरून सावलीत वाळवा, पावसाळ्यात धुवूच नका. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. दर तीनचार महिन्यांनी उघडून वेगळ्या रेषेवर घडी घाला, नेटखालचा पदर असलेली तर घडी न घालता सुती कापडाबरोबर गुंडाळून ठेवा.

पदराला झटका देऊन काय झालं ते कळवा. पेस्टिंग की नेट की खिसा, ते त्यावरच ठरेल.